निष्क्रिय मगदूम

सांगलीच्या धन्यकुमार मगदुमांचा गळा बोलू लागला, त्याची ही गोष्ट. तोंड तर त्यांचं जन्मापासूनच बोलत होतं. हरिपूर रोडवर एका फ्लॅटच्या खिडकीसमोर बाभळीचं एक झुडूप होतं. मगदुमांनी तेवढ्यावर तो फ्लॅट 'गार्डन फेसिंग' म्हणून विकला, आणि घेणारा आजही त्या झुडपाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो म्हणतात. झुडूप मी काही पाहिलेलं नाही. पण मगदुमांना बोलताना ऐकलंय, त्यामुळे झुडपावर माझा पूर्ण विश्वास आहे.

माणूस मात्र वाईट नव्हता. महापुरात कुठल्या गल्लीत पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते त्यांना तोंडपाठ असायचं. विचारलं तर सांगायचे. न विचारणाऱ्याला झुडूप दाखवायचे.

घरं विकणाऱ्यांच्या या असल्या गमतींवर उपाय म्हणून पुढे एक नवं परवाना मंडळ निघालं आणि त्यानं प्रत्येक एजंटाच्या गळ्यात एक कंठमणी बांधला. पट्टा नाजूक, मणी हरभऱ्याएवढा, बरोबर कंठावर टेकलेला. परवान्याच्या दोन अवस्था ठरल्या, सक्रिय आणि निष्क्रिय. सक्रिय माणूस कुठल्यातरी नोंदणीकृत पेढीच्या छत्राखाली असायचा आणि दरवर्षी नियमांचे धडे पुरे करायचा. त्याचा मणी हिरवा. त्यानं घर दाखवावं, भाव बोलावा, दलाली घ्यावी. पेढी सुटली की परवाना आपोआप निष्क्रिय. रद्द नव्हे, बरं का, नुसता झोपलेला. मणी राखाडी. अशा माणसानं घर दाखवायचं नाही, भाव काढायचा नाही, कुणाला 'घ्या' म्हणायचं नाही आणि 'घेऊ नका' असंही म्हणायचं नाही. फार तर एखाद्या हिरव्या मण्याचं नाव सुचवायचं आणि तोंड मिटायचं.

मणी मात्र झोपलेल्यांनाही सक्तीचा होता. कारण झोपलेले परवाने चालतात फार, हे मंडळाला अनुभवानं कळलं होतं. मणी काढला की परवाना सोडल्यात जमा. पुन्हा हवा असेल तर पहिल्यापासून परीक्षा. आणि ती परीक्षा आता अशी झाली होती की उत्तरं राहू देत, मगदुमांना प्रश्नसुद्धा दोनदा वाचावे लागले असते.

मगदुमांच्या पेढीचे मालक धंदा मिटवून मुलाकडे कॅनडाला गेले आणि मगदुमांचा मणी एका दुपारी चहा पिता पिता राखाडी झाला. दुसरी पेढी शोधली. सगळीकडे ड्रोन उडवून घर दाखवणारी पोरं हवी होती. साठी ओलांडलेला, पुराच्या पायऱ्या सांगणारा माणूस कुणालाच नको होता. गावातल्या टवाळांनी नाव ठेवलं 'निष्क्रिय मगदूम'. मारुती चौकात हाक मारायचे, "काय निष्क्रिय, जेवण तरी करता का, त्यालाबी परवाना लागतोय?" मगदूम हसायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचे.

आता या मण्याचं विज्ञान सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यावरच आहे.

पहिल्या पिढीचा मणी शब्द ऐकायचा. 'फ्लॅट', 'प्लॉट', 'कार्पेट एरिया' असं काही निष्क्रिय माणूस बोलला की तो वाजायचा. एजंट मंडळींनी लगेच भाषा बदलली. फ्लॅट म्हणजे वांगं, बंगला म्हणजे भोपळा, रो-हाऊस म्हणजे दोडका. "विश्रामबागेत एक ताजं वांगं आहे, देठ पूर्वेला," असे फोन चालू झाले. मंडळानं भाज्याही यादीत घातल्या, तेव्हा निष्क्रिय एजंटांना मंडईत जायची सोय उरली नाही. एकानं म्हणे तीन महिने नुसत्या उसळींवर काढले.

मग एका स्वरतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी शब्दांचा नादच सोडून दिला. घशात दोन स्वरतंतू असतात. त्यांना जवळ आणणारे स्नायू वेगळे आणि दूर नेणारा स्नायू वेगळा. बोलताना ते आळीपाळीनं कामाला येतात. बाईंना असं आढळलं की माणूस एखाद्या गोष्टीची भलावण करत असेल, तीत त्याचा स्वतःचा लाभ असेल, आणि त्याच वेळी माहीत असलेलं काहीतरी तो गिळत असेल, तर हे दोन्ही बाजूंचे स्नायू क्षणभर एकदमच ओढले जातात. एक म्हणतो बोल, दुसरा म्हणतो नको. त्या ओढाताणीतून आवाजाच्या तळाशी एक बारीक थरथर उठते. कानाला ती कळत नाही, पण कातडीवर टेकलेल्या संवेदकाला कळते. बाईंनी तिला 'हितकंप' म्हटलं. नुसती थाप मारली तर हितकंप उठत नाही, नुसता फायदा असला तरी उठत नाही. भलावण, लाभ आणि गिळलेली गोष्ट, तिन्ही एकत्र यावी लागतात.

दुसऱ्या पिढीचा मणी हा हितकंप ओळखायचा. त्याला भाषाच येत नव्हती; त्याला फक्त घसा कळायचा. सक्रिय माणसाला तो हलकीशी टोचणी द्यायचा, म्हणजे त्यानं जीभ चावून खरं ते सांगावं. निष्क्रिय माणसाला भलावणीचा हक्कच नाही, म्हणून त्याचा मणी सरळ मोठ्यानं बोलायचा. एका बाईचा शांत, सरकारी आवाज यायचा: "सूचना. बोलणाऱ्या व्यक्तीचा परवाना निष्क्रिय आहे. या स्थळाची त्यांनी केलेली शिफारस ग्राह्य धरू नये."

हे सगळं मंडळानं जाहीर केलं होतं. पण सांगलीकरांच्या डोक्यात वांगी-दोडकी इतकी घट्ट बसली होती की मणी शब्दांवर वाजतो, हीच समजूत गावात राहिली. अपवाद एकच, मगदुमांच्या पत्नी सुलोचनाबाई. एका रविवारी जेवताना मगदूम म्हणाले, "आमटी काय फक्कड झालीय!" आणि मणी बोलला. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, आणि मगदुमांना मिरजेला पत्ते कुटायला जायचं होतं. सुलोचनाबाईंनी आमटीचा डाव हातातच ठेवून विचारलं, "माझी आमटी स्थळ कधीपासनं झाली?" त्या दिवसापासून त्या घरात कौतुक बंद झालं आणि मीठ बरोबर पडू लागलं.

एक दिवस 'उगारे रिअल्टी'च्या भूपाल उगाऱ्यांनी मगदुमांना बोलावून घेतलं. मोठी पेढी. दारातल्या शिपायाचा मणीसुद्धा हिरवा.

"मगदूम, तुमची भाची दिसली परवा जैन बस्तीत, दर्शनाला आल्ती. राजमतीताईंची मुलगी. कुठं बघायलाय का तिचं?"

"बघतोय की साहेब. नदीच्या पाण्याचा अंदाज सांगायच्या केंद्रात आहे ती. शास्त्रज्ञ."

"आमच्या शीतलला विचारा की मग. पोरगा बंगळुरात चांगला शिकलाय, आता आलाय माघारी." उगारे पुढे झुकले. "आणि एक सांगतो. सोयरीक झाली, तर सोयऱ्याच्या गळ्यात राखाडी मणी बघून मला घास जाईल का? दुसऱ्या दिवशी तुम्हाला पेढीत घेतो. धड्यांचंही बघू काय ते."

मगदूम बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. लाच वगैरे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मुलगा चांगला, घर चांगलं, भाची सुखी होणार. त्यात आपला मणी हिरवा झाला तर कुणाचं काय जातंय?

राजमती ही त्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं शिवणवर्ग चालवून ऋजुताला वाढवलं. मोठं काही ठरवायचं असलं की ती एकाच माणसाला विचारायची, तिच्या आण्णाला, म्हणजे मगदुमांना.

बघण्याचा दिवस ठरला. उगाऱ्यांनी मगदुमांना आणायला शीतलला गाडी घेऊन पाठवलं. सुलोचनाबाई मदतीला आधीच स्कूटरवरून पुढे गेल्या होत्या. गाडी आपली आपण चालत होती आणि शीतल स्टिअरिंगला उगाचच धरून बसला होता.

"मामा, एक बोलू का?" कॉलेज कॉर्नर मागे पडल्यावर तो म्हणाला. "मला लग्न करायचं नाही. हिच्याशी म्हणून नाही, कुणाशीच. मी त्यातला नाही. आईबाबांपुढं तोंड उघडत नाही माझं. तुम्ही मध्यस्थ आहात. तुम्हीच कायतरी मोडता घाला की. पत्रिका म्हणा, काहीही म्हणा."

मगदुमांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि काच खाली केली. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर तिथंच मणी बोलला असता. पोरानं त्या थोपटण्याचा अर्थ 'बघतो मी' असा घेतला आणि त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

राजमतीच्या बैठकीत पोहे झाले, चहा झाला. ऋजुता साडीत नव्हती, ऑफिसातनंच आली होती. उगाऱ्यांना ती फारच आवडली. "घरात पाण्याचा अंदाज सांगणारी सून म्हणजे आमच्या धंद्याला काय पाहिजे अजून? प्लॉट घ्यायच्या आधी सूनबाईला विचारायचं, बुडतोय का तरंगतोय!"

ऋजुता म्हणाली, "आणि बुडतोय म्हटलं तर विकणार नाही ना?"

"हे बघा, अजून घरात आली नाही आणि लागली हिशेब मागायला!" उगारे खूश होऊन मांडीवर थाप मारते झाले.

शीतल मात्र बशीतल्या पोह्यांकडे बघत होता आणि अधूनमधून मगदुमांकडे.

मग राजमतीनं पदर सावरला. "आण्णा, तू सांग बाबा. मला काय कळतंय त्यातलं. तू मुलाला बघितलंस, बोललास त्याच्याशी. तुझ्या शब्दावर मी डोळे मिटून हो म्हणणार."

सगळे मगदुमांकडे बघू लागले. मगदूम बोलायला उभे राहिले नाहीत एवढंच. बाकी आवाज तोच होता, ज्यानं झुडपाची बाग केली होती. "राजू, अगं असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. मुलाच्या मनात काही म्हणजे काही..."

"सूचना," मगदुमांचा गळा म्हणाला. "बोलणाऱ्या व्यक्तीचा परवाना निष्क्रिय आहे. या स्थळाची त्यांनी केलेली शिफारस ग्राह्य धरू नये."

सगळ्यांच्या हातातला कप हातात राहिला. आणि मग उगारे असे हसले की समोरच्या तबकातल्या सुपाऱ्या हलल्या.

"अहो, स्थळ! स्थळ म्हणाले की हे! त्या येड्या मण्याला वाटलं, मगदूम प्लॉट विकायलेत!"

मग काय विचारता. उगाऱ्यांची बायको पदर तोंडाला लावून हसू लागली. राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "अगं बाई, माझा जावई म्हणजे टू बीएचके झाला की!" ऋजुतासुद्धा हसली. "मामा, भाज्यांसारखे लग्नाचे शब्दही यादीत घातले वाटतं."

मगदुमांना सुटकेची संधी अशी आयती ताटात आली. ते हसले. आधी थोडं, मग सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यानं. हसताना त्यांनी मण्यावर बोट आपटलं, जसं खोडकर पोराला टपली मारावी. बैठकीत दोघंच हसत नव्हते. एक शीतल. त्यानं बशी खाली ठेवली होती आणि तो आता मगदुमांकडे बघतही नव्हता. दुसऱ्या सुलोचनाबाई.

घरी जाताना सुलोचनाबाई स्कूटरवर मागे बसल्या होत्या. पुष्पराज चौकात सिग्नलला त्या कानाशी म्हणाल्या, "आमटीला कुणी स्थळ म्हणत नाही."

मगदूम स्कूटरचा आरसा नीट करू लागले.

"काय गिळलंत?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न दिले, मगदुमांची स्कूटर हलेना. शेवटी त्यांनी ती कडेला घेतली आणि एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. गाडीतलं, पेढीतलं, सगळं. मणी सगळा वेळ चूप होता.

"मग सांगा राजमतीला."

"मला नियमानं बोलता येत नाही," मगदूम म्हणाले. "निष्क्रिय माणसानं घ्या म्हणायचं नाही तसं नका घेऊ पण म्हणायचं नाही."

हे बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. आयुष्यभर त्यांनी नियमाला वळसे घातले होते. आज पहिल्यांदा ते नियमाच्या मागे लपले होते, आणि तो नियम घरांचा होता.

सुलोचनाबाई उठल्या. "मी नाही सांगणार. बहीण तुमची, घसा तुमचा." आणि त्या रिक्षानं पुढे निघून गेल्या.

संध्याकाळी उगाऱ्यांचा फोन आला. घरी सगळ्यांना पसंत होतं, शीतल काही बोलला नव्हता म्हणजे त्याचाही होकारच होता. "तुमच्याकडनं होकार आला की लगेच या पेढीत. मणी हिरवा करून टाकू." मगदूम "बरं" म्हणाले. आरशासमोर उभे राहिले. काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की ते परत सक्रिय होणार होते.

सकाळी ते राजमतीकडे गेले.

ती दारातच म्हणाली, "ये ये, मी तुलाच फोन करणार होते. रात्रभर झोप नाही बघ आनंदानं. होकार कळवू ना?" ऋजुता डबा भरत होती, तिनंही हात हलवला.

मगदूम खुर्चीच्या कडेवर टेकले. येताना वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. बऱ्यापैकी बसलं होतं ते. "राजू, थांब जरा. आज सकाळीच माझ्या कानावर आलं, शीतलच्या मनात लग्न नाही. कळल्याबरोबर धावत आलो. म्हटलं, काय व्हायचं ते होवो, बहिणीला अंधारात ठेवणं मला जमायचं नाही..."

"सूचना. बोलणाऱ्या व्यक्तीचा परवाना निष्क्रिय आहे. या..."

आवाजानं आपलं वाक्य पूर्ण केलं. आज कुणी हसलं नाही.

ऋजुतानं डब्याचं झाकण लावलं. ती मोजमापांत वाढलेली मुलगी. एखादा आकडा दुसऱ्यांदा तसाच आला की ती सोडत नाही. "मामा," ती म्हणाली, "आत्ता तुम्ही स्थळ म्हणाला नाहीत."

मगदूम मण्यावर हात ठेवून बसले.

"शब्दांवर वाजत नाही तर तो," ऋजुता सावकाश म्हणाली. "मग काल कशानं वाजला? आणि आज कशाची भलावण चाललीय?"

आजची भलावण स्वतःची होती. मगदुमांना ते तिच्या आधी कळलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं मामा?"

"काल."

"आमच्याकडनं गेल्यावर?"

"यायच्या आधी. गाडीत. त्यानंच सांगितलं. मोडता घाला म्हणून हात जोडले पोरानं."

"आणि तरी तुम्ही..."

"उगारे मला पेढीत घेणार होते. मणी हिरवा होणार होता."

मणी शांत. मगदुमांना एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं की तो आता वाजावा. काहीही म्हणावं त्यानं. निदान मध्ये कुणाचा तरी आवाज आला असता. पण सांगण्यासारखं खरं होतं तेवढं सगळं बाहेर आलं होतं, आणि खऱ्यावर मणी काही बोलत नसे.

राजमती भिंतीला टेकून उभी होती. भावाकडे ती अशी बघत होती, जसं माणूस ओळखीचा चेहरा चुकीच्या गावात बघतो.

ऋजुतानं फोन लावला. "शीतल? मी ऋजुता. कळलं मला. नाही, रागावले नाही. अरे, तू आधी रड, मग बोल, मी थांबते." ती खिडकीशी जाऊन थांबली. मग म्हणाली, "हे बघ, नकार माझा आहे असं घरी सांग. मुलीनं नाकारलं म्हटल्यावर तुला कुणी फार खोदून विचारणार नाही. पुढचं तू तुझ्या वेळेनं सांग."

फोन ठेवल्यावर मगदूम घाईनं उठले. "उगाऱ्यांना मी सांगतो. माझं काम आहे ते. तुझ्यावर नको नाव यायला. मी सांगतो ना, कसं सांगायचं ते मला..."

"नको मामा," ऋजुता म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही आता कुणाला काही सांगू नका."

मगदूम परत खुर्चीत टेकले. ऋजुता डबा घेऊन कामावर गेली. जाताना वाकून नमस्कार मात्र केला, नेहमीसारखा. त्यानं मगदुमांचे पाय खुर्चीखाली गेले.

राजमती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मगदुमांना वाटलं, आता बाहेर येऊन चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर त्यांनी त्या मान खाली घालून घेतल्या असत्या, आणि मग दोघं रडले असते, आणि दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत झालं असतं. बहीण-भावांचं तसंच होतं. चूक करणारा येतो, बोलणी खातो, जेवून जातो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये बशीसकट कप होता, सोनेरी काठाचा, कालच उगाऱ्यांसाठी काढलेला. तिनं तो त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला, कान त्यांच्या बाजूला करून.

"आण्णा," ती म्हणाली, "चहा घ्या."

मगदुमांनी घोट घेतला. साखर कमी होती. डबा कुठं असतो ते त्यांना माहीत होतं, आजवर ते उठून स्वतःच घ्यायचे. ते तसेच बसून राहिले आणि त्यांनी तो कप पुरा केला.